संगणकातील माणसाचे पाऊल

नाचणाऱ्याची तयारी जोखावयाची तर जाणता रसिक चेहऱ्याआधी पायांकडे पाहतो. संगणकात घडविलेल्या माणसासही हीच कसोटी लागते. चेहरा हुबेहूब असो, वस्त्राची चुणी न चुणी खरी असो. पाऊल जमिनीवरून जरासे घसरले, की सोंग उघडे पडते.

अशी आकृती आरंभी पुतळ्यासारखी निर्जीव असते. तिच्या आत हाडांचा सांगाडा बसवून, कोणत्या हाडाबरोबर वरची कातडी किती हलावी हे ठरवावे लागते. या कामास रिगिंग म्हणतात. कळसूत्री बाहुलीस दोऱ्या बांधण्यासारखाच हा प्रकार; दोऱ्या मात्र आतून. माणसाच्या एका पावलात २६ हाडे असतात. संगणकाचा कारागीर बहुधा दोहोंवरच भागवितो : एक घोट्यापासून चवड्यापर्यंत, दुसरे साऱ्या बोटांचे मिळून. साध्या चालीस एवढे पुरते.

पाय हलविण्याच्या रीती दोन. पहिलीत मांडी फिरवावी. पोटरी व पाऊल तिच्यामागून ओघाने येतात. हवेतल्या लाथेस ही ठीक. परंतु उभ्या आकृतीची कंबर किंचित खाली आणली, की पावले जमिनीत रुततात. दुसऱ्या रीतीत पाऊल ठेवले तेथे खिळते आणि गुडघा किती वाकावा हे गणित संगणक सोडवितो. गुडघ्याचा रोख कोणीकडे, हे मात्र सांगावे लागते. गाणाऱ्याने समेची जागा आधी मनात धरावी आणि तान तेथे येऊन मिळेल अशी बांधावी, तसेच हे.

एवढ्याने चाल येत नाही. आपण चालतो तेव्हा प्रथम टाच टेकते, मग तळवा. नंतर भार चवड्यावर येतो आणि शेवटी बोटे जमीन सोडतात. म्हणून टाच, चवडा व बोटांचे टोक अशा तीन ठिकाणी पाऊल कलण्याची सोय करतात. उभे राहण्यातही भाराचा विचार हवा. ज्या पायावर भार, त्या बाजूची कंबर वर चढते व दुसरा गुडघा सैल पडतो. दोन्ही पाय सारखे ताठ ठेवले, तर माणसाचा खांब होतो.

खरा प्रश्न आपल्या नृत्याचा आहे. १८८० साली सयाजीराव महाराजांचा विवाह तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी झाला आणि त्या संबंधातून तेथील नर्तनकला बडोदे दरबारी आली. तिच्या अर्धमंडलीत पावले बाहेर वळतात, ती मुळात खुब्यातून. कारागिराने नुसता घोटा पिळला, तर जाणत्यास तो मुरगळलेला पायच दिसेल. कथ्थकच्या तत्कारात सबंध तळव्याचा आघात निराळा, टाचेचा निराळा. नर्तकाच्या अंगावर खुणा लावून त्याची हालचाल संगणकात टिपता येते. तरी त्या टिपणात पावले पुष्कळदा सरकतात व हाताने जागेवर बसवावी लागतात. बसविणाऱ्यास ठेका ठाऊक नसेल, तर पाऊल मात्रेच्या अलीकडे वा पलीकडे पडेल आणि पुढच्या पिढीस तेच अस्सल म्हणून मिळेल.

साधनांची वाण नाही. ब्लेंडरसारखे साधन २००२ पासून सर्वांस खुले व विनामूल्य आहे. वाण आहे ती कारागिराशेजारी बसून ‘पाऊल येथे नव्हे, येथे’ असे सांगणाऱ्या गुरूची. ज्यांच्या घरी ही विद्या आहे, त्यांनी संगणकाकडे पाठ फिरवू नये.