प्रोजेक्टर विकण्याआधी टेप उघडा: होम थिएटर बसवून देण्याच्या कामाचा हिशोब



सीसीटीव्ही, वायरिंग किंवा डिश बसवण्याचं काम करणारी बरीच मुलं मला विचारतात, "सर, होम थिएटरचं काम सुरू करू का?" करा की! शिडी, ड्रिल मशीन, लेव्हल हे सगळं तुमच्याकडे आहेच. पण या कामात पैसा कुठे जातो, ते आधी समजून घ्या. प्रोजेक्टर आज कोणीही ऑनलाइन मागवतो. ग्राहक तुम्हाला पैसे देतो ते चित्र त्याच्या खोलीत नीट बसवून देण्याचे. आणि ते बसणार की नाही, हे ऑर्डर देण्याआधीच ठरलेलं असतं.

मी स्वतः हे काम करायचो तेव्हा एकदा पंखा विसरलो. खोली मोजली, भिंत मोजली, माउंट ठोकला, प्रोजेक्टर चालू केला. चित्र झकास. ग्राहकाने पंखा लावला आणि पडद्याच्या वरच्या भागात पात्यांची सावली फिरायला लागली. पंख्याचा दांडा लांब होता, माझं लक्षच नव्हतं. माउंट काढा, भोकं बुजवा, नव्या जागी पुन्हा ठोका. नफा तर गेलाच, वर कारागिराची एक दिवसाची मजुरी खिशातून भरली. त्यानंतर मी एक नियम केला: आधी टेप, मग ॲडव्हान्स, मग ऑर्डर.

१. अंतराचं गणित

प्रत्येक प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकात 'थ्रो रेशो' दिलेला असतो. सूत्र सोपं आहे:

लेन्सपासून पडद्यापर्यंतचं अंतर = चित्राची रुंदी × थ्रो रेशो

ग्राहक म्हणतो, "१०० इंची पाहिजे." हे १०० इंच म्हणजे तिरकं माप. १६:९ आकारात त्याची रुंदी साधारण ८७ इंच आणि उंची ४९ इंच होते. प्रोजेक्टरचा रेशो १.५ असेल तर ८७ × १.५ = १३०.५ इंच, म्हणजे जवळजवळ ११ फूट. आता खोली १२ फुटांची असेल तर? तुम्ही म्हणाल बसतंय. पण हे अंतर लेन्सपासूनचं आहे. मागे प्रोजेक्टरची बॉडी एक फूट, त्यामागे वायर वळायला आणि गरम हवा निघायला जागा. बसत नाही!

इथे दोनच रस्ते. एकतर १.२ रेशोचा प्रोजेक्टर घ्या, मग पावणेनऊ फुटांत काम होतं. नाहीतर पडदा ९२ इंची करा, रुंदी ८० इंच, अंतर १० फूट. हे ग्राहकाला आधी सांगितलं तर तुम्ही जाणकार, नंतर सांगितलं तर फसवणारे.

२. सुतळीची परीक्षा

भिंतीवर पडद्याचे चार कोपरे मास्किंग टेपने आखा. लेन्स जिथे येणार तिथून प्रत्येक कोपऱ्याकडे सुतळी ताणा. मध्ये पंखा, झुंबर, ट्यूबलाइट किंवा कपाटाचं दार येतंय का बघा. पंखा चालू करूनही बघा. खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं.

उंचीही इथेच ठरते. पडद्याची खालची कड जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर ठेवा, म्हणजे सोफ्यावर बसलेल्या माणसाची मान वर होत नाही. लेन्स पडद्याच्या वरच्या कडेपेक्षा किती वर चालेल, हे मॅन्युअलमध्ये असतं. माउंटचा पाइप तेवढा लांब घ्या. "वाकडं आलं तर कीस्टोनने सरळ करू" असं म्हणू नका. कीस्टोन चित्र दाबून सरळ करतो, त्यात काही पिक्सेल वाया जातात आणि बारकावा कमी होतो. जागाच सरळ निवडा.

३. उजेड

खोली अंधारी होते का, हे विचारू नका. दुपारी जाऊन पडदे ओढून बघा. १०० इंची पडदा आणि पूर्ण अंधार असेल तर १५०० ते २००० एएनएसआय लुमेन पुरतात. हॉलमध्ये दिवे लावून मॅच बघायची असेल तर ३००० किंवा जास्त लागतात. खोक्यावर नुसतं मोठ्या आकड्यात 'लुमेन' लिहिलं असेल तर भुलू नका, एएनएसआयचा आकडा शोधा.

४. वायर

पीओपी व्हायच्या आधी बोलावलं तर पाइप मोठा टाका, उद्या वायर बदलावी लागते. लांब अंतरावर फोरके चित्रासाठी साधी एचडीएमआय केबल दगा देते, तिथे फायबरची केबल वापरा. या केबलला दिशा असते: एका टोकाला 'सोर्स', दुसऱ्याला 'डिस्प्ले'. उलटी ओढली तर चित्र येतच नाही. म्हणून पाइपात टाकण्याआधी जमिनीवर जोडून, चालवून बघा. दहा मीटर केबल परत ओढून काढणं काय असतं, ते एकदा अनुभवलं की कळतं!

५. कोटेशन कसं द्यायचं

एकच गोळा रक्कम सांगू नका. प्रोजेक्टर, पडदा, माउंट, केबल, केसिंग-पट्टी आणि मजुरी वेगवेगळी लिहा. नाहीतर ग्राहक ऑनलाइन किंमत दाखवतो आणि तुमची मजुरी फुकटात जाते. जागा बघायची फी घ्या, काम मिळालं तर ती बिलातून वजा करा. मालाचे पूर्ण पैसे हातात आल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. आणि कोटेशनच्या खाली पडद्याचं माप, लेन्सचं अंतर आणि माउंटची जागा लिहून ग्राहकाची सही घ्या. "मला मोठं पाहिजे होतं" हा वाद तिथेच मिटतो.

काम झाल्यावर बिल आणि वॉरंटी कार्ड ग्राहकाच्या नावाने द्या. सिरियल नंबरचा फोटो स्वतःकडे ठेवा. फिल्टर असलेल्या मॉडेलला तीन महिन्यांनी सफाईसाठी फोन करा. आपल्याकडे धूळ कमी नाही, आणि पुढचं काम बहुतेक वेळा त्याच घरातून, पाहुण्यांच्या तोंडून मिळतं.

आजचा गृहपाठ: प्रोजेक्टर विकत घेऊ नका. टेप आणि सुतळी घ्या, स्वतःच्या घरातल्या एका खोलीचं माप काढा आणि त्यात कोणता पडदा, कोणत्या रेशोने बसतो ते कागदावर मांडा. अशा पाच खोल्या मांडून झाल्या की पहिल्या ग्राहकासमोर तुमचा आवाज आपोआप ठाम येईल.

चला, कामाला लागा!