हातचा नसलेला वर्ग

१११११११११ या नऊ अंकी संख्येचा वर्ग केला, तर १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या मिळते. ‘लीलावती’तील स्थाननामांनुसार तिचे पहिले घर ‘मध्य’ हे आहे. साध्या आठ अंकी गणकयंत्रावर ती मावत नाही. परंतु ती मिळवण्यासाठी फळा आणि खडू पुरेसे आहेत.

प्रथम १११ × १११ हा गुणाकार मांडू. १११ ही ओळ दर वेळी एक घर डावीकडे सरकवून तीनदा लिहावी लागते. उभ्या बेरजा १, २, ३, २, १ अशा येतात, उत्तर १२३२१. नऊ एक घेतले की ओळी नऊ होतात आणि मधल्या घरात बरोबर ९ जमतात. कोठेही हातचा येत नाही, म्हणून चढता-उतरता क्रम टिकतो. दहा एक घेतले की मधल्या घरात १० येतात. हातचा डावीकडच्या ९ मध्ये मिळून तेथेही १० होतात. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. आकृतिबंध मोडला, पण तो का मोडला हे आपल्याला कळले.

अशा संख्यांचा अभ्यास देवळालीचे शाळाशिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांनी केला. कल्पना डोंबिवली स्थानकावर सुचली, म्हणून त्यांनी त्यांना ‘डेम्लो संख्या’ म्हटले. जी संख्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाते, तिला त्यांनी ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी, असे नाव दिले.

आपली संख्या हर्षद आहे का? तिच्या अंकांची बेरीज ८१ आहे. “म्हणजे ८१ ने भाग जाणारच,” असे विद्यार्थी चटकन म्हणतील. येथे थांबायला हवे. अंकांच्या बेरजेची कसोटी ३ आणि ९ साठी आहे, ८१ साठी नाही. ९९८१ च्या अंकांची बेरीज २७ आहे, तरी तिला २७ ने भाग जात नाही. आपल्या संख्येचे कारण वेगळे आहे. १११११११११ च्या अंकांची बेरीज ९, म्हणून तिला ९ ने भाग जातो. अर्थात तिच्या वर्गाला ९ × ९ म्हणजे ८१ ने भाग जातो. संख्या हर्षद आहे, पण हे सिद्ध करावे लागले.

तिचे मूळ अवयवही पाहा : १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७. म्हणून वर्गात ३ चा घात ४, तर ३७ आणि ३३३६६७ यांचा प्रत्येकी २ येतो. एकूण विभाजक ५ × ३ × ३ = ४५. पूर्ण वर्ग असल्याने ही संख्या विषम आली आहे.

वर्गात आणखी एक गोष्ट करून पाहा. नऊ ओळींत एकूण ८१ एक होते. हातचा नव्हता, म्हणून उत्तराच्या अंकांची बेरीजही ८१. प्रत्येक हातच्यामागे १० जाऊन १ येतो, म्हणजे बेरीज ९ ने घटते. दहा एकांच्या वर्गात दोन हातचे आहेत : १०० - १८ = ८२. आता अकरा एकांचा वर्ग करा. हातचे किती आले, हे केवळ उत्तर पाहून सांगता येईल का?