खाजकुइलीची कात्री

औंढा नागनाथच्या डोंगरउतारावर दिवाळीच्या पुढे-मागे खाजकुइलीच्या शेंगा वाळू लागतात. शाळेत असताना त्यांवरची सोनेरी कुसळं मी एका वर्गमित्राच्या सदऱ्यात टाकली होती. तो तासभर तळमळला. अंगावर गांधी उठल्या नाहीत, म्हणून गुरुजींनी त्याला ढोंगी ठरवून वर छडी दिली. मी गप्प राहिलो.

कुसळ टोचतं म्हणून खाज सुटते, असं मी कितीतरी वर्षं धरून चाललो होतो. पण उष्णतेनं निकामी केलेली कुसळं टोचतात तशीच, खाज मात्र आणत नाहीत. १९५५ च्या सुमारास वॉल्टर शेली यांनी तिचं मूळ कुसळांतल्या प्रथिनं तोडणाऱ्या विकरात, म्हणजे एन्झाइममध्ये, शोधलं. त्याचं नाव म्यूक्यूनेन.

तोडणारं विकर निरोप कसा देईल? पाठ्यपुस्तकात आपल्याला ते भेटतं पचनाच्या कामावरचा मजूर म्हणून. उलगडा झाला १९९१ मध्ये, तोही खाजेच्या नव्हे, रक्त गोठवणाऱ्या थ्रॉम्बिनच्या अभ्यासात, सॅन फ्रान्सिस्कोच्या शॉन कॉफ्लिन यांच्या प्रयोगशाळेत. पेशीच्या पृष्ठभागावर ग्राही-प्रथिनं असतात. एरवी संप्रेरक बाहेरून येऊन ग्राहीत किल्लीसारखं बसतं. इथे किल्ली कुलपालाच बांधलेली, फक्त झाकलेली. थ्रॉम्बिन ग्राहीच्या बाहेर लोंबणाऱ्या शेपटाचा शेंडा कापतं. उघडं पडलेलं नवं टोक वळून त्याच ग्राहीच्या खोबणीत बसतं आणि पेशीच्या आत निरोप पोचतो. कापलेलं पुन्हा जुळत नाही. असा ग्राही एकदाच कामी येतो. मग पेशी त्याला आत ओढून मोडीत काढते.

२००८ मध्ये एथन लर्नर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की म्यूक्यूनेनही याच कुळातल्या दोन ग्राहींवर अशीच कात्री चालवतं. गांधी उठवतं ते हिस्टामिन. या खाजेला त्याची गरजच नसते. गुरुजींना काही दिसलं नाही ते त्यामुळे. आपल्या कातडीतल्या पेशीही ट्रिप्टेज नावाचं विकर सोडतात, तेही यांपैकी एका ग्राहीला कापतं. इसबाच्या कित्येक रोग्यांना हिस्टामिनविरोधी गोळीनं उतार का पडत नाही, हे त्यावरून थोडंफार कळतं.

आपल्या वैद्यांनी या वेलीला कपिकच्छू म्हटलं, आत्मगुप्ताही. दुसरं नाव मला अधिक नेमकं वाटतं.

यंदा पोळ्याला तो वर्गमित्र भेटला. हे सगळं त्याला समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "ते ऱ्हाऊ दे. कुसळं टाकली कुणी, ते सांग आधी."

मी सांगितलं.