तुमच्यानंतर तुमचा फोन कोण उघडणार?

नाशिकला रामकुंडावर अस्थिविसर्जनाला गेलं की तीर्थपुरोहित गाव-आडनाव विचारतात आणि जुनी नामावळी काढतात. आजोबा-पणजोबांच्या नोंदी त्यात सापडतात. पण ज्यांच्या अस्थी आणल्या, त्यांच्या फोनचा पिन मात्र अनेकदा घरात कुणालाच माहीत नसतो. फोटो, विम्याच्या पावत्या, म्युच्युअल फंडाचे मेल, सगळं त्या एका लॉकमागे अडकतं. याची सोय आधीच करून ठेवता येते, तीही फुकट.

अँड्रॉइड किंवा जीमेल वापरत असाल तर

गूगलमध्ये 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' शोधा. अकाउंट किती काळ बंद राहिलं तर पुढची कारवाई करायची, ते निवडा: ३, ६, १२ किंवा १८ महिने. मग जास्तीत जास्त १० जणांची नावं देता येतात. कुणाला फोटो द्यायचे, कुणाला मेल, हे तुम्हीच ठरवायचं. त्यांना आत्ता काहीच कळत नाही. मुदत संपल्यावरच मेल जातो.

आयफोन असेल तर

सेटिंग्जमध्ये आपल्या नावावर टॅप करा, 'साइन-इन अँड सिक्युरिटी'मध्ये 'लेगसी कॉन्टॅक्ट' दिसेल. पाच जणांपर्यंत नेमता येतात. तयार होणारी ॲक्सेस की प्रिंट काढून त्यांना द्या. नंतर ती की आणि मृत्यूचा दाखला, दोन्ही लागतात. साठवलेले पासवर्ड मात्र यातून मिळत नाहीत.

पैशांचं काय?

बँक, डिमॅट, फंड, सगळीकडे नॉमिनी आहे का ते ॲपमध्ये आजच तपासा. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकर यांच्या कुटुंबातला वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. डिसेंबर २०२३ मध्ये कोर्टाने सांगितलं, की शेअर आणि फंडाचा नॉमिनी फक्त नॉमिनी आहे म्हणून मालक होत नाही. हक्क वारसाहक्काच्या कायद्याने किंवा मृत्युपत्रानेच ठरतो. म्हणून मृत्युपत्र कराच. साध्या कागदावर चालतं, सही दोन साक्षीदारांसमोर करा. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी.

घरच्यांसाठी दोन गोष्टी

सिम लगेच बंद करू नका. बरेच ओटीपी त्याच नंबरवर येतात, काम संपेपर्यंत रिचार्ज चालू ठेवा. पण गेलेल्या माणसाच्या यूपीआयवरून किंवा एटीएम कार्डाने पैसे काढू नका. बँकेत दाखला देऊन रीतसर दावा करा. जुनं खातं कुठल्या बँकेत होतं हेच माहीत नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या 'उद्‌गम' पोर्टलवर नावाने शोधा. दहा वर्षं दावा न झालेल्या ठेवी तिथे दिसतात.

शेवटचं काम कागदावरचं. खाती, पॉलिसी, कर्जं यांची यादी लिहा, पासवर्ड त्यात नकोत. कागद कपाटात ठेवा आणि कुठे ठेवलाय ते एकाला तरी सांगा.