दोन ग्रॅमचा फरक, सातशे वर्षांचे अंतर

३५२.५ कॅरेट, म्हणजे साडेसत्तर ग्रॅम. एवढ्या वजनाचा, जहांगीर-शाहजहान यांची नावे कोरलेला लाल खडा नादिरशहाने १७३९ मध्ये दिल्लीहून लुटून नेला. हात बदलत तो लाहोरला आला आणि १८५१ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या खजिन्यात गेला. जग त्याला ‘तैमूरचे माणिक’ म्हणते. पण ते माणिक नाही, स्पिनेल आहे. ब्रिटिश राजमुकुटाच्या दर्शनी भागातले ‘ब्लॅक प्रिन्सचे माणिक’ही स्पिनेलच.

नुसत्या डोळ्यांना हा फरक कळत नाही, कारण दोघांनाही लाली दिली आहे क्रोमियमने. माणिक हे ॲल्युमिनियम ऑक्साइड. स्पिनेलमध्ये जोडीला मॅग्नेशियम असते. दोन्हींत ॲल्युमिनियमच्या मोजक्या जागा क्रोमियमने घेतलेल्या असतात. गडद माणकात शंभरांतली एखादी जागा धरा. एका कॅरेटच्या माणकात साधारण सहा कोटी कोटी कोटी अणू असतात, त्यांतले क्रोमियमचे सुमारे २.३ लाख कोटी कोटी. सेकंदाला एक अशा वेगाने ते मोजायचे म्हटले तर ७० हजार कोटींहून जास्त वर्षे लागतील. विश्वाचे वय आहे सुमारे १,३८० कोटी वर्षे! अंगठीतला एवढासा खडा लाल दिसायला एवढे अणू कामाला लागलेले असतात.

रंगाने फसवले तरी वजन फसवत नाही. माणिक पाण्याच्या चौपट जड, स्पिनेल ३.६ पट. तैमूरचा खडा पाण्यात बुडवून तोलला तर त्याचे वजन १९.६ ग्रॅमने घटलेले दिसेल. तेवढ्याच वजनाचे खरे माणिक असते तर १७.६ ग्रॅमने. अवघा दोन ग्रॅमचा फरक, पण कुठल्याही सराफाच्या तराजूला सहज कळणारा. अल् बिरूनी या विद्वानाने अकराव्या शतकातच रत्ने अशी पाण्यात मोजली आणि माणिक व स्पिनेल यांची घनता वेगळी असल्याचे दाखवले. त्याचे आकडे आजच्या आकड्यांच्या फार जवळ आहेत, आणि माझ्या मते रत्नविद्येतले त्याहून देखणे काम क्वचितच झाले असेल. मुघल जवाहिरेही या दोहोंना वेगळी रत्ने मानत. युरोपात मात्र रोमे द लील या स्फटिकशास्त्रज्ञाने १७८३ मध्ये ती वेगळी काढली. मधे सातशेहून अधिक वर्षे गेली, आणि त्यानंतरही राजघराण्याच्या रत्नांची जुनी नावे तशीच राहिली.

अल्मंडाइन जातीच्या लाल गार्नेटपुढे मात्र तराजूही हात टेकतो, कारण त्याचीही घनता चारच्या आसपास. मग प्रकाशाला विचारावे लागते. पोकळीत सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर धावणारा प्रकाश माणकात १ लाख ७० हजारांवर येतो. एवढेच नाही, तर त्याचे दोन किरण होतात आणि त्यांच्या वेगांत सेकंदाला जवळजवळ ७७० किलोमीटरपर्यंत फरक पडतो. पाच मिलिमीटरचा खडा ओलांडताना मागचा किरण पुढच्यापेक्षा उशिरा पोहोचतो, तो जास्तीत जास्त एका सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाच्याही सातव्या-आठव्या हिश्श्याने. डायक्रोस्कोप नावाची बोटाएवढी नळी हे दोन किरण शेजारीशेजारी दाखवते: माणकात एक जांभळट लाल, दुसरा नारिंगी लाल. खडा फिरवून दोन-तीन बाजूंनी पाहावा, कारण एका दिशेने हा फरक दिसत नाही. स्पिनेल आणि गार्नेट कसेही फिरवा, दोन्ही चौकटींत रंग एकच. ज्याला माणिक घ्यायचे आहे त्याने सराफाकडे ही नळी जरूर मागावी.

एका खड्यापुढे मात्र या सगळ्या कसोट्या निरुपयोगी ठरतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ऑग्युस्त व्हर्न्यूई याने १९०२ मध्ये दोन हजार अंशांहून तप्त ज्योतीतून ॲल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी सोडून माणिक बनवण्याची रीत जाहीर केली. काही तासांत एक कांडी तयार! १९०७ पर्यंत वर्षाचे उत्पादन १,००० किलोवर, म्हणजे ५० लाख कॅरेटवर पोहोचले. घनता तीच, किरणांचे दुभंगणेही तेच, कारण ते खरोखर माणिकच आहे, फक्त खाणीतले नाही. मोझांबिकच्या खाणीतून आलेले ५५.२२ कॅरेटचे ‘एस्त्रेला दे फूरा’ २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ३ कोटी ४८ लाख डॉलरला गेले. ग्रॅमला ३१ लाख डॉलरहून जास्त पडले. कारखान्यातले माणिक त्याच्या आसपासही जात नाही. दोघांमधला निवाडा भिंगाखाली होतो: ज्योतीतल्या माणकात वक्र रेषा आणि वायूचे बुडबुडे दिसतात, तर खाणीतल्या माणकात अनेकदा रूटाइल या खनिजाच्या रेशमासारख्या बारीक सुया एकमेकींना ६० अंशांत छेदताना सापडतात.