ॲस्बेस्टॉसची धूळ आणि कंठाचा कर्करोग

आवाज बसला म्हणजे घरांतील वडील मंडळी ज्येष्ठमधाचा तुकडा चघळावयास देतात आणि दोनचार दिवसांत गुण येतो. पडशानें किंवा फार बोलल्यानें बसलेल्या आवाजास एवढा उपचार पुरतो. परंतु ज्याचें अर्धें आयुष्य कारखान्याच्या धुळींत गेलें, त्याचा आवाज तीन आठवड्यांनंतरही सुटला नाहीं, तर ती गोष्ट ज्येष्ठमधावर सोपविण्याजोगी नसते. अशा धुळींत ॲस्बेस्टॉसची धूळ विशेष घातक होय.

ॲस्बेस्टॉस हें खनिज आहे. पण तें कापसाप्रमाणें पिंजतां येतें, सुताप्रमाणें कांततां येतें आणि अग्नींत जळत नाहीं. म्हणून वाफेच्या नळांवरील वेष्टणें, मोटारींचे ब्रेक, अग्निरोधक कापड आणि सिमेंटचे पत्रे यांत त्याचा सढळ उपयोग झाला. कर्जत-खालापूरच्या दांडग्या पावसाच्या मुलखांत, कुंभिवलीसारख्या गांवांतूनही, कौलांच्या जोडीस असे पत्रे आले. छपरावर अभंग असलेला पत्रा आणि कारखान्यांत उडणारी धूळ यांत मात्र मोठें अंतर आहे. पत्रा कापला, भोंकसला किंवा फोडला म्हणजे त्यांतील तंतु हवेंत मिसळतात. हे तंतु केसाच्या शतांशाहूनही बारीक असतात. ते डोळ्यांस दिसत नाहींत.

श्वासाची हवा फुप्फुसांत जाण्यापूर्वीं स्वरयंत्राच्या चिंचोळ्या फटींतून जाते. तेथें कांहीं तंतु अडकतात. जे खालीं उतरतात, त्यांतले कांहीं कफाबरोबर पुन्हां त्याच वाटेनें वर येतात. अशा रीतीनें त्या नाजूक त्वचेस वर्षानुवर्षें इजा होत राहते, दाह टिकून राहतो आणि शेवटीं पेशींची वाढ बिघडूं शकते. रोग प्रकट होण्यास बहुधा वीस ते चाळीस वर्षें लागतात. तोंवर कामगार निवृत्त झालेला असतो आणि ती धूळ तो विसरूनही गेलेला असतो.

ॲस्बेस्टॉसनें फुप्फुसाचा कर्करोग होतो, हें विसाव्या शतकाच्या मध्यासच दिसून आलें होतें. स्वरयंत्राचा निर्णय लागण्यास अधिक काळ गेला. 2006 सालीं अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननें हा कार्यकारणसंबंध मान्य केला; 2009 सालीं फ्रान्समधील लियाँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनेंही तोच निर्वाळा दिला. बोलीभाषेंत ज्यास आपण सरसकट घसा म्हणतों, त्यांतील अन्नाच्या वाटेकडील भागाबद्दलचा पुरावा मात्र इतका भक्कम नाहीं.

येथें एक शंका सहज निघते. विडी ओढणाऱ्यास झालेला हा रोग विडीनेंच झाला, असें कां म्हणूं नये? तंबाखू आणि मद्य हीं या रोगाचीं सर्वांत मोठीं कारणें आहेत, हें निर्विवाद. परंतु एक अपराधी सांपडला म्हणून दुसरा निर्दोष ठरत नाहीं. ज्याच्या श्वासांत धूर आणि धूळ दोन्ही गेलीं, त्यानें विडी सोडणें अगत्याचें आहे. त्याचबरोबर त्याच्या धंद्याची चौकशी होणेंही तितकेंच अगत्याचें आहे.

ही चौकशी किती राहून जाते, याचा दाखला दूर शोधावयास नको. कर्जत आणि खोपोली ज्या मध्य रेल्वेच्या मार्गावर आहेत, त्याच मार्गावर मुंबईकडे घाटकोपर लागतें. तेथील हिंदुस्थान कंपोझिट्स या कारखान्यांतील 181 कामगारांची तपासणी डॉ. मुरलीधर व विजय कान्हेरे यांनीं केली. 2005 सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालांत 41 जणांस ॲस्बेस्टॉसिस हा फुप्फुसांचा विकार आढळला. हा विकार कर्करोग नव्हे. पण धूळ शरीरांत किती गेली याची ती साक्ष आहे. पुष्कळदां असा विकार क्षय किंवा जुना खोकला म्हणून नोंदला जातो, आणि मग भरपाईचा मार्गच खुंटतो.

कायद्याची गति रोगापेक्षांही मंद आहे. आपल्याकडील 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या यादींत ॲस्बेस्टॉसनें होणारा फुप्फुसाचा कर्करोग आला, पण स्वरयंत्राच्या कर्करोगाचें नांव तींत आलें नाहीं. जर्मनीनें त्याची गणना धंदेजन्य रोगांत 1997 सालींच केली. तथापि 27 जानेवारी 1995 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें एक मोलाचा आदेश दिला: ॲस्बेस्टॉसच्या कामगाराच्या प्रकृतीची नोंद कामास लागल्यापासून 40 वर्षें किंवा काम सुटल्यापासून 15 वर्षें, यांत जो काळ उशिरा संपेल तोंपर्यंत, जपून ठेवली पाहिजे.

म्हणून ज्या घरांत असा निवृत्त कामगार आहे, त्या घरानें त्याचा कामाचा दाखला, पगाराच्या चिठ्ठ्या आणि छातीचीं क्ष-किरण चित्रें रद्दींत घालूं नयेत. जो अद्याप कामावर आहे, त्याचे धुळीचे कपडे घरीं आणून झटकूं नयेत. आवाज तीन आठवडे बसलेला राहिला, गिळतांना दुखूं लागलें किंवा मानेंत गांठ लागली, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावें आणि त्यांनीं विचारण्याची वाट न पाहतां आपला धंदा सांगावा. स्वरयंत्राचा कर्करोग आरंभींच ओळखला गेला तर तो बरा होण्याचा संभव मोठा असतो, आणि पुष्कळदां रोग्याचा आवाजही वांचतो.