स्पोर्ट्‌स कारच्या टायरांची निवड

स्पोर्ट्‌स कारच्या टायरांची निवड म्हणजे झिजलेले, वयस्क झालेले किंवा इजा पोहोचलेले टायर काढून त्यांच्या जागी गाडीच्या बांधणीला व वापरातील रस्त्यांना साजेसे नवे टायर ठरविणे. धावत्या मोटारीचा रस्त्याशी येणारा संबंध तळहातापेक्षा थोड्याच मोठ्या चार ठशांपुरता असतो. इंजिनाची ताकद, ब्रेक आणि सुकाणू या सर्वांचे कार्य त्या ठशांतूनच घडते. मुंबईत, विशेषतः गिरगाव, दादर, परळ, लालबाग या जुन्या शहरभागात, ही निवड कोरड्या रस्त्यावरील पकडीपेक्षा पाणी बाजूला सारण्याची क्षमता, रबराचे वय आणि टायरच्या बाजूच्या भिंतीची मजबुती यांवर अधिक अवलंबून असते.

टायरवरील अंक व अक्षरे

पोर्शे ७१८ या गाडीच्या मूळ जोडणीत पुढे २३५/४५ झेडआर १८ आणि मागे २६५/४५ झेडआर १८ असे टायर असतात. यातील २३५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी, ४५ ही बाजूच्या भिंतीची रुंदीशी असलेली टक्केवारी, ‘आर’ ही रेडियल बांधणीची खूण आणि १८ हा रिमचा इंचांतील व्यास होय. ‘झेड’ हे अक्षर ताशी २४० किलोमीटरहून अधिक वेगासाठीची बांधणी सुचविते. आकारानंतर भारांक व वेगचिन्ह येते. भारांक ९१ असल्यास एक टायर ६१५ किलोग्रॅम भार पेलतो. वेगचिन्हांपैकी ‘एच’ म्हणजे ताशी २१०, ‘व्ही’ २४०, ‘डब्ल्यू’ २७० आणि ‘वाय’ ३०० किलोमीटर.

मुंबईत कोठेही एवढ्या वेगाने जाण्याची मुभा नाही, तेव्हा कमी वेगचिन्हाचा स्वस्त टायर का घेऊ नये, असा प्रश्न साहजिक आहे. परंतु वेगचिन्ह केवळ वेग सांगत नाही. टायर किती उष्णता सहन करील, हेही त्यावरून कळते. शिवाय अशा गाडीचे निलंबन, म्हणजे स्प्रिंग व शॉक अब्सॉर्बर, विशिष्ट ताठरपणाच्या टायरांसाठीच जुळविलेले असते. काही उत्पादक स्वतः पारखलेल्या टायरांवर वेगळी खूण घेतात: पोर्शेसाठी ‘एन’ व त्यापुढे अंक, बीएमडब्ल्यूसाठी तारा, मर्सिडीजसाठी ‘एमओ’. भारतात विकल्या जाणाऱ्या टायरवर यांखेरीज आयएसआय चिन्हही असावे लागते. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरांची आयात निर्बंधित सूचीत घातली. ज्यांचे टायर देशात बनत नाहीत अशा गाड्यांच्या मालकांना तेव्हापासून आकार शोधताना अधिक धीर धरावा लागतो, आणि नेमक्या याच वेळी दुकानात पडून राहिलेला जुना माल गळ्यात पडण्याची शक्यता वाढते.

मोठे रिम, बारीक टायर

दिसण्यासाठी रिम मोठे करण्याची हौस मोठी आहे. २०५/५५ आर १६ ऐवजी २२५/४० आर १८ बसविल्यास चाकाचा एकूण व्यास सुमारे ६३२ मिलिमीटरवरून ६३७ वर जातो. वेगमापकात फारसा फरक पडत नाही. मात्र बाजूची भिंत ११३ मिलिमीटरवरून ९० वर येते. खड्ड्यात आदळताना रिम आणि रस्ता यांच्यामध्ये एवढीच उशी उरते. ती अपुरी पडली की आतील धागे तुटून भिंतीवर फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही; तो बदलावाच लागतो. पावसाळ्यात खड्डा पाण्याखाली झाकलेला असतो हे लक्षात घेता, मुंबईत मूळ आकार सोडून बारीक भिंतीकडे जाणे शहाणपणाचे ठरत नाही.

पावसाळा आणि खाचांची खोली

मुंबईत वर्षाकाठी २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो व तो बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. परळजवळचा हिंदमाता परिसर पाणी तुंबण्यासाठी शहरभर ठाऊक आहे. तेथे धोका वाहन बंद पडण्याचा असतो. टायरच्या दृष्टीने खरा धोका वेगवान मोकळ्या रस्त्यावरील पाण्याच्या पातळ थराचा आहे. खाचांतून पाणी बाहेर पडू शकले नाही तर टायर पाण्यावर तरंगतो आणि सुकाणू व ब्रेक दोन्ही निकामी होतात.

नासातील वॉल्टर हॉर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी विमानांच्या टायरांवरील प्रयोगांतून यासाठी एक सूत्र मांडले: तरंगण्याचा वेग (ताशी मैल) म्हणजे हवेच्या दाबाचे (पीएसआय) वर्गमूळ गुणिले १०.३५. दाब ३२ असता हा वेग ताशी सुमारे ९४ किलोमीटर येतो. दाब २४ वर आला तर सुमारे ८२. वरळी ते मरीन ड्राइव्ह हा किनारी रस्ता मार्च २०२४ मध्ये खुला झाला. त्याच्या सरळ भागावर वेगमर्यादा ताशी ८० आहे. म्हणजे दाब कमी होताच मर्यादेत चालविणाऱ्याचीही सुरक्षिततेची फट जवळजवळ बुजते. हिशेब ढोबळ आहे, आणि रुंद टायर याहून कमी वेगालाही तरंगू शकतात. पावसात हवा थोडी कमी ठेवली की पकड वाढते, ही गॅरेजांतून ऐकू येणारी समजूत त्यामुळे उलट धोक्याची आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार मोटारीच्या टायरच्या खाचा १.६ मिलिमीटरपेक्षा कमी नसाव्यात. ही कायद्याची किमान रेषा आहे. पावसासाठी अनेक जाणकार ३ मिलिमीटरलाच टायर बदलण्याचा सल्ला देतात. नव्या टायरमध्येही नक्षी पाहावी लागते. शर्यतीच्या धर्तीचे, जवळजवळ गुळगुळीत टायर कोरड्या मार्गावर उत्तम, पण जुलैमध्ये ते बोलीभाषेतल्या ‘गोटा’ टायरहून फारसे वेगळे नसतात. हिवाळी टायरांचा विचारच करावा लागत नाही: ते साधारण ७ अंश सेल्सियसखाली उपयोगी ठरतात, आणि सांताक्रूझ येथील नोंदलेले नीचांकी तापमान ७.४ अंश आहे (२२ जानेवारी १९६२).

रबराचे वय

दक्षिण मुंबईतील स्पोर्ट्‌स कार पुष्कळदा आच्छादनाखाली उभी असते आणि रविवारी पहाटे मरीन ड्राइव्हवर निघते. वर्षाला जेमतेम हजार-दोन हजार किलोमीटर धावल्याने खाचा खोल राहतात व मालक निर्धास्त होतो. पण रबर उभ्या गाडीतही कडक होते, त्याला बारीक भेगा पडतात. टायरच्या भिंतीवर ‘डीओटी’ अक्षरांनंतरच्या ओळीतील शेवटचे चार अंक उत्पादनाचा आठवडा व वर्ष सांगतात. ‘२३२४’ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि दहा वर्षांनी, खाचा कशाही असोत, बदल, असा सर्वसाधारण सल्ला उत्पादक देतात. ३० नोव्हेंबर २०१३ रोजी कॅलिफोर्नियात पोर्शे कॅरेरा जीटीच्या अपघातात अभिनेता पॉल वॉकर व गाडीचा चालक मरण पावले. तपासात अतिवेग हे प्रमुख कारण ठरले. त्याचबरोबर टायर नऊ वर्षांचे असल्याचीही नोंद झाली.

खरेदी व बसवणी

मोटारींच्या सुट्या भागांची जुनी बाजारपेठ ऑपेरा हाउस परिसरात आहे. दुकान कोणतेही असो, पैसे देण्यापूर्वी प्रत्येक टायरवरील उत्पादनाचा आठवडा स्वतः वाचावा. एका अक्षावरील दोन्ही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे असावेत. दोनच नवे घेतल्यास ते मागे बसवितात, कारण ओल्या वळणावर मागचा भाग घसरला तर गाडी आवरणे अवघड जाते. पुढे-मागे वेगळे आकार असलेल्या गाडीत अर्थातच ही अदलाबदल शक्य नसते. बदलानंतर अलाइनमेंट व बॅलन्सिंग करून घ्यावे लागते.

अनेक स्पोर्ट्‌स कारमध्ये स्टेपनी नसते. (हा शब्द वेल्समधील लानेल्ली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला आहे, विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे जादा चाके बनत.) पंक्चर दुरुस्तीचा संच व हवेचा पंप त्यामुळे गाडीत ठेवावा लागतो. पण हा संच बाजूच्या भिंतीच्या इजेवर चालत नाही.

उतरविलेले टायर गच्चीत किंवा चाळीच्या मागे टाकल्यास त्यांत पावसाचे पाणी साचून डेंग्यूचे डास वाढतात. मुंबई महानगरपालिकेचे कीटकनाशक खाते असे टायर हटविण्याचे काम करते. बदल मे महिन्यात केल्यास जुने टायर पावसाआधीच दुकानदाराच्या हवाली करता येतात.